वाळूच्या पोत्याची जागा

आमच्या घरमालकांनी एकदा इलेक्ट्रिशियनला आंघोळ करायला लावली होती.

बाथरूममधला गीझर शॉक मारत होता. इलेक्ट्रिशियन आला, तासभर खाटखुट केली, हात पुसले आणि "झालं साहेब" म्हणून निघायला लागला. तेवढ्यात मालक आतून पंचा घेऊन आले.

"घ्या."

"काय हे?"

"पंचा. धुतलेला आहे. साबण आत आहे. गीझर लावा, नळ सोडा आणि आंघोळ करून बाहेर या."

"साहेब, मी सकाळी घरून आंघोळ करूनच निघालोय."

"ती तुमच्या घरच्या गीझरची झाली. आमच्या गीझरचं काय?"

त्या बिचाऱ्याने बायकोची शपथ घेतली, सर्दीचं कारण सांगितलं, पुढच्या गिऱ्हाइकाचं नाव घेतलं. मालक पंचा पुढे धरून दारात उभेच. शेवटी तो आत गेला. पण अंगावरचा शर्ट काढण्याआधी त्याने गीझर पुन्हा उघडला आणि मघाशी जी वायर त्याला 'चालेल' वाटली होती, ती नीट जोडली. मग आंघोळ केली. बाहेर आला तेव्हा काकूंनी त्याला चहा दिला आणि मालक त्याला म्हणाले, "आता झालं."

मी हे सगळं जिन्यात उभा राहून पाहत होतो. त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन मला आठच दिवस झाले होते. मी यवतमाळचा. पुण्यात असंच असत असेल असं मला वाटलं.

तो काळ असा होता की पुण्यात दर दोन महिन्यांनी कुणीतरी एक काचेची इमारत उभी करायचं आणि ती भरायला आमच्याकडची पोरं बॅगा घेऊन गाडीतून उतरायची. माझी कंपनी नगर रस्त्याला, वाघोलीच्या अलीकडे. खोली मिळाली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, धायरीत. धायरी तेव्हा अर्धी गाव होती आणि अर्धी 'प्लॉट विकणे आहे'. मालकांनी पेठेतली भाड्याची जागा सोडून निवृत्तीनंतर तिथे दोन मजले बांधले होते. पुण्यात राहून त्यांच्या फाटकावर एकही पाटी नव्हती. गरजच नव्हती, कारण पाटीवर जे लिहायचं ते सगळं मालक स्वतः तोंडी सांगत.

खोली बघायला गेलो तेव्हा मी आपलं गावाकडच्या सवयीने म्हणालो, "नमस्कार काका."

"आपलं नातं कुठून लागलं म्हणायचं?"

"नाही, म्हणजे तसं नाही..."

"मग तसं म्हणू नका. हिला काकू म्हणा, हिची हरकत नसते. काम काय करता?"

"प्रोग्राम लिहितो. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीसाठी."

"तुम्ही त्या कंपनीत विमा उतरवलाय?"

"छे, मी कसा उतरवणार? तो तिथल्या लोकांसाठी असतो."

मालकांनी काकूंकडे पाहिलं. "बघ. शिवतात हे आणि बसतात दुसरेच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक तारखेला या."

मला त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता, पण खोली मिळाली होती. अर्थ हळूहळू लागत गेला. 'ज्याने शिवलं त्याने आधी बसावं' हा त्यांचा एकमेव कायदा होता आणि तो सगळ्या जगाला लागू होता. पाण्याची टाकी धुणाऱ्याला त्याच टाकीतलं पहिलं पेलाभर पाणी प्यावं लागे. स्कूटर दुरुस्त करणाऱ्याला मागे बसवून ते सिंहगड रस्त्याला एक फेरी मारत, तीही ब्रेक जोरात दाबत. काकूंनी भाजीत मीठ घातलं की पहिला घास काकूंनी खायचा. रंगाऱ्याने माझी खोली रंगवली तेव्हा 'वास येत नाही साहेब' असं तो म्हणाला आणि मालकांनी त्याच्यासाठी तिथे सतरंजी अंथरली. तो तासभर तिथे पडून राहिला आणि डोकं धरून उठला. मला चार दिवस खाली हॉलमध्ये झोपायला मिळालं.

कारागीर त्यांना टरकून असत. एक प्लंबर मला म्हणाला होता, "लई वंगाळ मानूस हाय, पन त्येंच्याकडं केल्यालं काम कदी परत येत न्हाई."

हा कायदा कुठून आला, तर विमानातून. मालक विमानाचे पंख शिवायचे.

हे मला पहिल्यांदा काकूंनी सांगितलं तेव्हा त्या माझी चेष्टा करतायत असं वाटलं. पण जुन्या काळची ती दुहेरी पंखांची छोटी विमानं असतात ना, पायलट शिकवायची, त्यांचे पंख पत्र्याचे नसतातच. आत लाकडाचा सांगाडा, त्याला बरगडीसारख्या फासळ्या आणि वरून घट्ट ताणून बसवलेलं कापड. हातभर लांब सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन प्रत्येक फासळीभोवती ते कापड टाक्याटाक्याने बांधायचं, टाक्यांवर पट्टी चिकटवायची, मग डोप नावाचं उग्र वासाचं लुकण फासायचं. ते सुकलं की कापड नगाऱ्यासारखं ताठ होतं. मालक एका फ्लाइंग क्लबात एकतीस वर्षं हेच काम करत होते. त्यांच्या हातचा उशीचा अभ्रासुद्धा असा असायचा की कापूस गेला तरी शिवण जायची नाही.

"आमच्याकडे नियम होता," ते सांगत. "विमानाचं काम झालं की पहिल्या उड्डाणाला ज्याने काम केलं त्या मेकॅनिकने पायलटबरोबर बसायचं. तुम्हीच केलंय ना? मग चला वर. मेलात तर दोघंही. सहीपेक्षा ते बरं. सही करून माणूस घरी जातो."

हे ते कुणालाही सांगत. दूधवाल्याला सांगत, माझ्या आईवडिलांना पहिल्या भेटीत सांगितलं. माझे वडील परत जाताना म्हणाले, "थे बुढा मानूस लय डेरिंगबाज दिसते बाप्पा."

मग ते एअर शोचं प्रकरण आलं. शहराबाहेर, मांजरी गावाच्या पलीकडे उसाच्या मळ्यांमध्ये एक जुनी धावपट्टी होती. तिथे दोन दिवसांचा एअर शो भरवायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं. कसरती, पॅराशूट, खाण्याचे स्टॉल, आणि मुख्य आकर्षण म्हणजे साठेक वर्षांपूर्वीचं एक दुहेरी पंखांचं पिवळं विमान. त्यात एकेका माणसाला बसवून शहराच्या कडेवरून फेरी मारून आणणार. माझी कंपनी प्रायोजकांपैकी एक होती. तेव्हा आयटी कंपन्या कशालाही पैसे द्यायच्या.

विमान कुठल्याशा शेडमधून काढलं होतं. इंजिन ठीक होतं, पण पंखांचं कापड कुजलं होतं. आता हे काम येणारा माणूस शोधायचा कुठे? विचारत विचारत आयोजकांचा एक तरुण धायरीत आला. डोक्याला जेल, कमरेला दोन मोबाइल. त्याने मालकांना 'अंकल' म्हटलं. 'काका' न चालणाऱ्या माणसाला 'अंकल'! आता त्याची काही धडगत नाही असं मला वाटलं. पण मालकांनी फक्त विचारलं, "कुठलं विमान?" त्याने फोटो दाखवला. मालक तो फोटो घेऊन खिडकीशी गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

पुढचे दोन महिने ते रोज सकाळी डबा घेऊन स्कूटरवरून मांजरीला जात. धायरी ते मांजरी, पंचवीसच्या वेगाने. मागे कितीही हॉर्न वाजले तरी ते पंचविसाचं सव्वीस करत नसत. टाके घालायला पंख उभा करून ठेवतात आणि दोन बाजूंना दोन माणसं लागतात. एक सुई इकडून घालतो, दुसरा तिकडून परत पाठवतो. आयोजकांनी दिलेला माणूस चार दिवसांत पळाला. मग रविवारी मी जायला लागलो.

टाके घालताना मालक बोलत नसत. काकू म्हणायच्या, "ह्यांना तेव्हा घराला आग लागली म्हणून सांगा, 'थांब' म्हणतील." मलाही बोलायची परवानगी नव्हती. पंखाच्या अलीकडे मी, पलीकडे ते, मध्ये ताणलेलं पांढरं कापड. ते मला दिसतसुद्धा नसत. सुई यायची, मी परत पाठवायचो. सोमवार ते शुक्रवार कंपनीतही माझं फारसं वेगळं चालत नव्हतं.

अशाच एका रविवारी माझी जीभ वळवळली. मी विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा वर गेलात तेव्हा भीती वाटली का हो?"

सुई पलीकडे गेली होती. ती परत आली नाही.

"गेलो नाही," कापडामागून आवाज आला.

"म्हणजे?"

"वर गेलो नाही. कधीच."

"पण तो नियम..."

"नियम होता ना. मेकॅनिकने बसायचं. मेकॅनिक म्हणजे इंजिनवाला." ते म्हणाले, "मी शिंपी. मला सगळे शिंपीच म्हणायचे. पंख शिंप्याने शिवायचे आणि इंजिनवाल्याने वर जाऊन यायचं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"एकदा विचारलं. आमचे चीफ म्हणाले, वर जाऊन काय करणार, ढगांची मापं घेणार का? सगळे हसले. मीही हसलो."

मग दोरा करकचून ओढल्याचा आवाज आला, कात्री वाजली आणि ते म्हणाले, "चला, पुढची फासळी."

मी पुढची सुई परत पाठवली. त्या कधीही न पाहिलेल्या चीफचा मला इतका राग आला होता की बोटात सुई टोचून घेतली. आणि मला तो आंघोळ करणारा इलेक्ट्रिशियन आठवला, सतरंजीवर पडलेला रंगारी आठवला. या माणसाने पुण्यातल्या प्रत्येकाला त्याच्या कामात नेऊन बसवलं होतं आणि त्याला मात्र एकतीस वर्षांत कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. हसावं की रडावं ते कळेना. घरी जाताना मी त्यांच्या स्कूटरच्या मागे बसलो. ते म्हणाले, "हिला माहीत आहे. दूधवाल्याला सांगू नका."

कंपनीत सोडत निघाली आणि विमानाच्या पहिल्या फेरीचा पास मला लागला. मी तो चहाच्या वेळी नेऊन मालकांच्या पुढे ठेवला. "तुम्ही जा."

त्यांनी तो चष्म्यातून वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "तिकिटावर बसतो तो प्रवासी. मी प्रवासी नव्हे."

"अहो, पण बसायला तर मिळेल!" काकू म्हणाल्या.

"बसायला बसमध्येही मिळतं," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

शोच्या दिवशी मांजरीला जत्रा होती. उसाच्या मळ्यांतून गाड्या लावलेल्या, भोंग्यावर हिंदी गाणी, विमानाच्या आकाराचे फुगे. मालक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, काकू नेसल्या होत्या ठेवणीतली साडी, हातात छत्री आणि डबा. पिवळं विमान उन्हात चकाकत होतं. पंखांवर एक सुरकुती नाही. पायलट हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, मोठ्या मिशांचे गृहस्थ होते. ते दोन दिवसांपूर्वीच आले होते. पंख कुणी शिवले हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

फेऱ्या सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मालक हात मागे बांधून विमानाकडे निघाले. जेलवाला तरुण धावत आला.

"अंकल, अंकल, प्लीज! रेलिंगच्या मागे."

मालक थांबले, पण पायलटला ऐकू जाईल इतक्या जवळ पोचले होते. "चाचणीचं उड्डाण झालं का हो?"

"झालं की. काल सकाळीच. एकदम फर्स्ट क्लास," पायलट म्हणाले.

"पुढच्या जागेवर कोण बसलं होतं?" त्या विमानात पायलट मागे बसतो आणि पाहुणा पुढे, स्कूटरच्या बरोबर उलट.

"कुणी नाही. वजनाला वाळूचं पोतं बांधलं होतं."

"अच्छा. पोत्याचा अभिप्राय काय आला?"

पायलट मोठ्याने हसले. मालक हसले नाहीत. "पोत्याने पंखांकडे बघितलं होतं का, एवढंच विचारतोय," ते म्हणाले आणि वळून रेलिंगच्या मागे काकूंशेजारी जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा अगदी कोरा होता. एकतीस वर्षं इंजिनवाला बसला, निदान तो माणूस तरी होता. आता पोतं बसलं होतं.

भोंग्यावर माझं नाव पुकारलं. माझ्या अंगात कंपनीचा टी-शर्ट. मागे आमचे मोठे साहेब कॅमेरा घेऊन, कारण दुसरा नंबर त्यांचा होता. कुणीतरी माझ्या डोक्यावर कातडी टोपी चढवली. इंजिन सुरू झालं, नाकावरचा पंखा फिरायला लागला. मी पंखावर एक पाय ठेवला आणि माझा दुसरा पाय काही जमिनीवरून उचलेना.

खरं सांगायचं तर त्यात अर्धी भीती होती. पण अर्धी नव्हती. मी पाय खाली घेतला.

"मी नाही बसत."

"अरे, व्हॉट हॅपन्ड?" साहेब ओरडले. "घाबरलास काय?"

"हो सर. घाबरलो." माझं ऑफिसातलं इंग्रजी आणि मोठ्या कष्टाने कमावलेलं पुणेरी मराठी, दोन्ही त्या क्षणी गळून पडलं. मी बोंबललोच, "ज्यानं हे पंख शिवले थो मानूस तिकडं उभा हाये! त्याले बसवा ना आधी! त्याले सोडून पोत्याले काऊन बसवलं? थो बसन तवा मी बसन!"

 रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "शिवले म्हणजे? पंख कापडाचे आहेत?"

"हो, बघा ना. मला वाटलं पत्र्याचे."

"आणि अजून कुणी माणूस बसूनच बघितला नाहीये?"

एक आजोबा पुढे होऊन साहेबांना म्हणाले, "तुमचा नंबर दुसरा ना? बसा की तुम्ही. आम्ही बघतो काय होतंय ते." साहेबांनी कॅमेऱ्याची पिशवी बंद केली. तिसऱ्या नंबरच्या गृहस्थांना एकाएकी बायकोचा फोन आला, चौथे 'पार्किंग बघून येतो' म्हणाले. बघता बघता रांगेच्या पुढे दहा पावलं मोकळी जागा झाली. जेलवाला दोन्ही मोबाइल कानाला लावून माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मी त्याचा प्रकल्प बुडवला होता. बुडवलाच होता.

पायलट इंजिन बंद करून विमानातून उतरले. मिशांवरून हात फिरवत रेलिंगपाशी आले. "हे काम तुमचं आहे?"

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीत."

"बरं, या आता."

"कोण म्हणून?"

"म्हणजे?"

"प्रवासी म्हणून यायचं नाही मला."

मला वाटलं, झालं, आता हा म्हातारा हातची संधी हट्टापायी घालवणार. काकूंनी छत्रीचं टोक जमिनीत रुतवलं. पायलटांनी पंखांकडे पाहिलं, मालकांच्या मेणाने काळवंडलेल्या बोटांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मेकॅनिक म्हणून या. कालच्या पोत्याची जागा रिकामी आहे."

मालकांनी चष्म्याच्या काड्या दोऱ्याने मागे बांधल्या आणि गेले.

विमान उसावरून उठलं. इतकं हळू उठलं की कुणीतरी पतंग वर ओढतंय असं वाटलं. काकू छत्री टाकून दोन्ही हात हलवत होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, माझे डोळे भरून आले होते आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. सात मिनिटांनी विमान परत आलं आणि गवतावर दोन उड्या मारून थांबलं. रांग एका क्षणात पुन्हा जुळली. तिसऱ्या नंबरच्या गृहस्थांचा फोनही संपला होता.

पंखा अजून फिरत होता. मालक उतरले नाहीत. मागे मान वळवून पायलटना काहीतरी म्हणाले. मग उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फेऱ्या थांबवा. उजव्या खालच्या पंखाला, बाहेरून चौथ्या फासळीवर एक टाका सुटलाय."

जेलवाला पंखावर वाकला. हात फिरवला. "कुठंय? काहीच नाहीये अंकल."

"इथे दिसणार नाही. वर हवा लागली की कापड तेवढ्यापुरतं पुरीसारखं फुगतं. खाली आलं की बसतं. बसलेल्यालाच दिसतं ते."

"एका टाक्याने काय विमान पडतं का?"

"एकाने नाही पडत. एकामुळे दुसरा सुटतो."

आमचे साहेब पुढे झाले. त्यांना अशा वेळी एकच प्रश्न पडत असे. "चूक कुणाची आहे ही?"

"माझी," मालक म्हणाले. "त्या फासळीच्या वेळी मी बोलत होतो."

काय बोलत होते ते तिथे फक्त मला माहीत होतं. गप्प बसले असते तर कुणाला काय कळणार होतं? संध्याकाळी गुपचूप एक टाका घालता आला असता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, काकूंचा चेहरा फुलला होता. एकतीस वर्षांनी माणूस सात मिनिटं मेकॅनिक झाला आणि मेकॅनिक म्हणून पहिलं काम काय केलं, तर सगळ्यांदेखत स्वतःचीच चूक सांगून विमान बंद पाडलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

रांगेतून आवाज येत होते. "सकाळपासून उभे आहोत!" "काय हो आजोबा, आधी झोपला होतात का?" मालक खाली मान घालून उभे होते. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

पायलट मागच्या जागेवरून हे सगळं ऐकत होते. त्यांनी 'नक्की का' असं विचारलं नाही. पंखाला हात लावून बघितला नाही. त्यांनी आत हात घातला आणि इंजिन बंद केलं. पंखा दोन गचके देऊन थांबला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ लागेल?"

मालकांनी मान वर केली. "उद्या दहापर्यंत. शिवायला वीस मिनिटं, बाकी सुकायला."

"ठीक," पायलट म्हणाले आणि जेलवाल्याला सांगितलं, "आज फेऱ्या नाहीत. मेकॅनिकने विमान थांबवलंय."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मैदान अजून रिकामं होतं. मी पोट बिघडल्याची थाप मारून रजा घेतली होती. मालकांनी चौथ्या फासळीवरची पट्टी सोडवली, तर खरंच एक गाठ सरकलेली होती. त्यांनी ती पायलटना दाखवली, मुद्दाम, बोट ठेवून. मग मला पंखाखाली बसवून नवा टाका घातला. त्या वीस मिनिटांत काकूंना एक शिंक आली, तीसुद्धा त्यांनी पदरात दाबली. लुकण सुकलं. मालक सुया पुसून पिशवीत भरायला लागले.

दुपारी मीही बसलो. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की कंपनीचा टी-शर्ट धुवावा लागला. ते राहू द्या. सांगायचं आहे ते सकाळचं.

मालक पिशवी बांधत होते तेव्हा पायलट पुढच्या जागेपाशी गेले, तिथलं छोटं दार उघडलं, पट्टे दोन्ही बाजूंना सारले आणि धरून उभे राहिले.  मालकांनी विचारलं, "पुन्हा?"

"काम तुम्ही केलंत ना?" पायलट म्हणाले.

मालक चष्मा बांधायला लागले. गाठ बसेना. काकूंनी मागे जाऊन ती मारून दिली आणि म्हणाल्या, "आज जरा खाली बघा. काल मी वेड्यासारखी हात करत होते आणि तुमची मान आपली पंखाकडे."

"बघतो," ते म्हणाले.

विमान उठलं, उसावरून वळलं आणि आमच्या डोक्यावर आलं. इतकं खाली की त्यांची पांढरी बाही दिसत होती. काकू दोन्ही हात वर करून हलवायला लागल्या.

"काकू, बघतायत का ते?"

काकूंनी डोळे बारीक केले. "छे हो. पंखच बघतायत," त्या म्हणाल्या आणि हात हलवतच राहिल्या.